सूर्यास्तानंतरची सौरवीज

तांदळाच्या पिंपात माप बुडवायला गेलेल्या शांभवीबाईंच्या बोटांना त्या मंगळवारी सकाळी काहीतरी कडक लागलं. उकरून पाहिलं तर स्टीलचा एक चपटा डबा. झाकण उघडलं तर आत कापसाच्या गादीवर तळहाताएवढी काच, आणि त्या काचेवर एका अंगानं निळा रंग माखलेला.

तांदळात काच कशी आली, हा प्रश्न दुसऱ्या कोणत्याही घरात पडला असता. शांभवीबाईंना तो पडला नाही. देवघरातल्या छोट्या कृष्णाच्या तसबिरीची काच तडकली होती आणि नवी आणा म्हणून त्या तीन आठवडे नवऱ्याच्या मागे लागल्या होत्या. सीतारामराव रोज सकाळी तमिळमध्ये ‘सेरी, सेरी’, म्हणजे बरं बरं, म्हणून कॉलेजात जात आणि रोज संध्याकाळी रिकाम्या हातानं परत येत. आज अखेर त्यांनी काच आणली, वर ती फुटू नये म्हणून तांदळात जपून ठेवली, हे पाहून बाईंना नवऱ्याबद्दल बऱ्याच वर्षांनी कौतुक वाटलं.

“पण दुकानदारानं फसवलाच यांस,” त्या स्वतःशी पुटपुटल्या. “रंग सांडलेली काच गळ्यांत मारली.”

मग त्यांनी चिंच घेतली, राख घेतली, नारळाची शेंडी घेतली आणि दहा मिनिटांत ती काच अशी लख्ख केली की काच आहे हे हात लावल्याशिवाय कळू नये. तसबिरीत ती नेमकी बसली. कृष्णाच्या हातातला लोण्याचा गोळा पुन्हा चमकायला लागला. बाईंनी त्याला हात जोडले आणि डबा घासून पालथा घातला.

सीतारामराव शहराबाहेरच्या एका खासगी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत. मराठे राजांच्या बरोबर तंजावरला आलेल्या एका कारकुनाचे ते वंशज. घरात बोलणं मराठी, लिहिणं तमिळ आणि चिडणं इंग्रजी. गेली अकरा वर्षं ते एकाच गोष्टीच्या मागे होते. गाड्यांना आणि दारांना द्यायच्या रंगात एक निळं द्रव्य असतं. त्याची वाफ करून काचेवर अतिशय पातळ थर बसवायचा, आणि त्या थरावर ऊन पडलं की वीज काढायची. एवढंच. अडचण अशी होती की थरातले रेणू शिस्तीत, एकाशेजारी एक, पत्त्याच्या कॅटासारखे उभे राहिले तरच वीज पुढे सरकते. ते अस्ताव्यस्त आडवे पडले की अडते. सीतारामरावांच्या वर्गातली पोरं प्राचार्य आले तरी उभी राहत नसत, पण रेणूंनी उभं राहावं अशी त्यांची अपेक्षा होती. रेणू अकरा वर्षं आडवेच पडून राहिले.

कुठल्या परिषदेत त्यांना कोणी बोलावत नव्हतं. कॉलेजातले लोक त्यांना पाठीमागे ‘पेंटर’ म्हणत. ते शांभवीबाईंना माहीत होतं, आणि रागाच्या भरात एकदोनदा त्यांनीही ते म्हटलं होतं.

त्या संध्याकाळी सीतारामरावांची मोपेड नेहमीपेक्षा जोरात फाटकात शिरली.

“शांभवी, परवां अनुदानासाठीं दिल्लीची कमिटी येते!” चपला न काढताच ते स्वयंपाकघरात आले. “मद्रासेहून एक्स-रेचा रिपोर्ट आला. सतरा नंबरच्या काचेवर रेणू उभे आहेत! सगळे! एकूण एक उभे!”

“बसा की तुम्ही तरी,” शांभवीबाई म्हणाल्या. “कॉफी देतों. कोठली काच?”

“कॉलेजांत ओल फार. ओल लागली तर थर खराब होतो. तेथला फ्रिज प्रिन्सिपलाच्या खोलींत, त्यांत थंड बाटल्या भरून ठेवल्यात. म्हणून काल रात्रीं घरीं आणलों आणि कोरड्या तांदळांत पुरलों. तांदूळ ओल ओढून घेतो. गुरुवारपर्यंत त्या डब्यास हात लावूं नको हां. उघडला कीं हवा शिरते.”

कॉफीची पितळी वाटी शांभवीबाईंच्या हातात होती ती तिथंच राहिली.

“फार... महत्त्वाची आहे कां ती काच?”

सीतारामरावांनी बायकोकडे पाहिलं. लग्नाच्या दिवशीसुद्धा त्यांचा चेहरा इतका उजळ नव्हता. “अकरा वर्षांत ही एकच साधली,” ते म्हणाले. “एकच.”

देवघरातून कृष्ण त्या एकुलत्या एका काचेमागून लोणी खात बघत होता.

खरं म्हणजे तेव्हाच सांगून टाकायचं. शांभवीबाईंनी तोंड उघडलंही. पण सीतारामराव शर्टाची बटणं काढताना गुणगुणत होते. हा माणूस गुणगुणू शकतो हेच त्यांना वीस वर्षांत ठाऊक नव्हतं. त्यांनी तोंड मिटलं आणि रात्रीच्या रसमला फोडणी घातली. ती करपली.

बुधवारी सीतारामराव कॉलेजात गेल्याबरोबर त्यांनी दाराला कडी लावली. कृष्णाची क्षमा मागून काच बाहेर काढली. धुण्याच्या निळीची बाटली घेतली. नुसती नीळ काचेवरून ओघळून जायला लागली. मग सकाळची भाताची कांजी होती, मीठ घातलेली, ती घेऊन त्यात नीळ कालवली. पहिला थर गाठीगाठींचा झाला. दुसरा पोपडे धरून उठला. तिसऱ्या वेळी मात्र त्यांनी, पापड लाटावेत त्या तब्येतीनं, बोटानं हळूहळू एकाच दिशेला ओढत असा थर दिला की अस्सल काच शेजारी ठेवली असती तर तिनं लाजून मान खाली घातली असती. पंख्याखाली तास दोन तास ठेवून त्यांनी ती डब्यात घातली आणि डबा तांदळात पुरला. थर वरून सुकला होता. आतून थोडा ओला होता, पण आता त्याला इलाज नव्हता.

“येतील, दुरून बघतील, पुरणपोळी खातील आणि जातील,” त्यांनी स्वतःची समजूत घातली. सरकारी समित्यांबद्दलचा त्यांचा हा अंदाज पुष्कळसा बरोबर होता. तो फक्त प्राचार्यांना धरून नव्हता.

प्राचार्य सुब्रमण्यम हे नव्या जमान्याचे गृहस्थ होते. देशाची दारं उघडली आहेत आणि बाहेर कोणीतरी परदेशी माणूस हातात पैसा घेऊन उभा आहे, फक्त त्याला आपला पत्ता सापडत नाही, अशी त्यांची पक्की समजूत होती. ‘रंगातून वीज! तंजावरच्या प्राध्यापकाचा शोध’ अशी बातमी त्यांनी गुरुवारच्या तमिळ पेपरात आधीच छापून आणली. सभागृहाला तोरणं लावली. प्राध्यापकांच्या बायकांनी रेशमी साड्या नेसून पहिल्या रांगेत बसावं असं फर्मान काढलं. त्यामुळे स्वतःचं पाप मांडीवर घेऊन शांभवीबाईंना नेमकं समोर बसावं लागलं.

समितीत तिघे होते. दोघे मुरुक्कू, म्हणजे तिकडची चकली, खात होते. तिसरे, अध्यक्ष डॉ. रघुपती, मूळचे इकडचेच पण तीस वर्षं दिल्लीत राहून आवाज खाली आणायला विसरलेले, ते चष्मा पुसत होते.

सीतारामरावांनी डबा उघडला. काच उचलली. उजेडाकडे धरली. आणि क्षणभर ते तसेच उभे राहिले.

शांभवीबाईंनी डोळे मिटून घेतले.

“काय झालं, राव?” प्राचार्यांनी विचारलं.

“काही नाही, सर,” सीतारामराव म्हणाले. त्यांनी काचेवर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा दाबून बसवला, दोन बाजूंना चिमटे लावले, चिमट्यांच्या तारा मोजणीच्या यंत्राला जोडल्या. “यातून निघणारी वीज फार थोडी असते,” त्यांनी समितीला सांगितलं. “काटा दोन रेघा सरकला तरी ते यश समजावं.”

त्यांनी उन्हाच्या जागी ठेवलेल्या मोठ्या दिव्याचं बटण दाबायला हात पुढे केला. पण दिवा लागायच्या आधीच काट्यानं उडी मारली आणि तो पलीकडच्या खुंटीला टक्कन जाऊन आपटला.

दोघांचे मुरुक्कू हातातच राहिले. सीतारामरावांनी घाईघाईनं दिवा लावला. काटा तिथंच. तेवढ्यात, तंजावरात गुरुवारी दुपारी जायची ती वीज गेली. पंखे थांबले, दिवा विझला. काटा तिथंच.

“कापड टाका त्याच्यावर,” डॉ. रघुपती म्हणाले. प्राचार्यांनी टेबलावरचा जाड पडदा टाकला. डॉ. रघुपती पडद्याखाली डोकं घालून काट्याकडे टक लावून बसले. बाहेर आले तेव्हा त्यांचे केस उभे होते.

“सौरघट,” ते सावकाश म्हणाले, “अंधारात चालतो आहे.”

आता चोरी उघडी पडली, असं शांभवीबाईंना वाटलं. त्या उठणार, एवढ्यात प्राचार्यांनी टाळी वाजवली.

“अंधारातही!” ते ओरडले. “अमेरिकेला उन्हात जेमतेम जमतं, तंजावरनं अंधारात करून दाखवलं!”

मग सगळ्यांनीच टाळ्या वाजवल्या. ज्यांना कळत होतं त्यांनी वाजवल्या कारण प्राचार्य बघत होते, आणि ज्यांना कळत नव्हतं त्यांनी मनापासून वाजवल्या. डॉ. रघुपतींनी सीतारामरावांकडे वळून विचारलं, “याचं स्पष्टीकरण काय?”

“तेच तर संशोधन, सर!” सीतारामरावांच्या आधी प्राचार्य बोलले. “त्यासाठीच तर अनुदान!”

“इंटरेस्टिंग,” डॉ. रघुपती म्हणाले, आणि वहीत लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा आला: ‘सूर्यास्तानंतरही सौरवीज.’ तो वाचून ओरत्तनाडूहून शांभवीबाईंचे थोरले भाऊ बाळकृष्णराव सकाळच्या बसनं हजर झाले. त्यांची वीस एकर भातशेती होती आणि विहिरीवर एक मोटर होती.

“राव, ओरत्तनाडूस दिवसाच करंट येत नाहीं,” मेहुण्यासमोर पेपर आपटत ते म्हणाले, “आणि तुम्ही रात्रींची काढतां! पंपाच्या खोलीस तेवढा तो रंग मारून द्या. भिंती पुऱ्या होतील, कां कौलांसही लावूं?”

“अण्णा, तें तसं नाहीं...” शांभवीबाई मध्ये पडल्या.

“तूं कॉफी आण. तुज काय कळते यांतलें?”

शांभवीबाई कॉफी आणायला गेल्या. त्यांना त्यातलं जितकं कळत होतं तितकं त्या दिवशी भारतात दुसऱ्या कोणाला कळत नव्हतं.

पंधरा दिवसांत दिल्लीहून मंजुरी आली. विषयाचं नाव सुधारून ‘अप्रकाशित अवस्थेतील सौर परिवर्तन’ असं केलेलं होतं. प्राचार्यांनी लगेच एका जर्मन कंपनीला पत्र धाडलं आणि सीतारामरावांना बोलावून हुकूम सोडला: त्या काचेसारख्या हुबेहूब वीस काचा, महिन्याभरात, प्रत्येकीला रेशमी फीत बांधून.

तेव्हापासून सीतारामरावांचं गुणगुणणं बंद झालं. ते उजाडताच जात आणि दिवे लागल्यावर परतत, बोटं निळी, डोळे लाल. जेवताना विचारलं तर म्हणत, “जमत नाहीं.” पुन्नैनल्लूरच्या मारियम्मनला शांभवीबाई तीन मंगळवार जाऊन आल्या. देवीनं काही सुचवलं नाही, पण तिसऱ्या मंगळवारी परत येताना बसमध्ये त्यांनी स्वतःच ठरवलं: येत्या रविवारी सांगायचं. मग हा माणूस रागावो, ओरडो, मोपेडवर बसून कुठंही जावो. पण आपल्या बोटानं फासलेल्या निळीसारखे रेणू उभे करायला तो उरलेला जन्म घालवणार असेल तर ते आपल्याला बघवणार नाही.

रविवारी दुपारी त्यांनी नवऱ्याची पांढरी धोतरं आणि पंचे धुवायला घेतले. शेवटच्या पाण्यात टाकायला निळीची बाटली शोधली. बाटली रिकामी होती. नवी आणली होती ती काढली. तीही रिकामी. मग त्यांना आठवलं की गेले कित्येक दिवस सकाळची कांजी गाळून पाठ वळली की नाहीशी होत होती आणि त्या शेजारच्या मांजरीला शिव्या देत होत्या.

त्या ओल्या हातानं तशाच बाहेर आल्या. सीतारामराव ओसरीवर पेपर तोंडासमोर धरून बसले होते.

“निळीची बाटली तुम्ही नेली काय?”

पेपर हलला नाही.

“दोन बाटल्या! आणि कांजीही तुम्हीच!”

पेपर हळूहळू खाली आला.

“माझी होत नाहीं ती सरळ,” सीतारामराव पडेल आवाजात म्हणाले. “गाठी होतात. तूं किती पाणी घातली होतीस?”

शांभवीबाई पायरीवर बसल्या. “म्हणजे तुम्हांस ठाऊक होतें?”

“अकरा वर्षें ज्या निळ्याकडे बघालों, तें मी ओळखणार नाहीं काय? डबा उघडला तेव्हांच कळलें. वास आला कांजीचा.” त्यांनी पेपराची घडी केली, पुन्हा उलगडली. “आंत ओल होती ना? एका अंगास ॲल्युमिनियम, दुसऱ्या अंगास काचेवर मुळचाच असलेला, वीज वाहणारा पारदर्शक थर, मध्यें मिठाची कांजी. टॉर्चमधला सेल तो! त्यास कशास पाहिजे सूर्य?”

“मग तेथेंच सांगावें कीं! मी येथें महिनाभर जीव जाळतों! मारियम्मनला नवस बोललों!”

“सांगणार होतों,” सीतारामराव म्हणाले. “पण काटा हालला. अकरा वर्षें मी दिवे लावून बघालों, तो कधीं हालला नाहीं, शांभवी. आणि हालला तो असा हालला... सगळे टाळ्या वाजवीत होते. तोंड उघडलों तर टाळ्या थांबतील. वाटलें, अजून थोडा वेळ.”

“आणि मग चोरून कांजी न्यावीशी वाटली.”

“प्रिन्सिपल वीस काचा मागतो.”

शांभवीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. रागवायला त्या आल्या होत्या, पण राग कोणत्या टोकाकडून धरावा ते कळेना. आपण एकदा फसवलं ते भीतीनं. हा माणूस महिनाभर फसवतो आहे, आणि तेही धड जमत नाही.

“माझ्यानें घासली गेली ती काच,” त्यांनी विचारलं, “ती खरी होती?”

“ती खरी होती.”

“त्यांत रेणू उभे होते?”

“एकूण एक. मी स्वतः एक्स-रे बघितलों.”

बादलीतलं पाणी नळाखाली भरून वाहत होतं.

“कागद आणा,” शांभवीबाई अखेर म्हणाल्या. “दिल्लीस लिहा. मी काच घासली तें लिहा, नीळ लावली तें लिहा, टॉर्चचा सेल आहे तेंही लिहा. पैसे परत घ्या म्हणा. लोक पेंटर म्हणतात तें बरें. कांजीचोर म्हणूं नयेत.”

सीतारामरावांनी इंग्रजीत दोन पानी पत्र लिहिलं. चिंच, राख, नारळाची शेंडी, काही वगळलं नाही. बायकोचं नाव आलं तिथं ‘गैरसमजातून’ असा शब्द त्यांनी आपणहून घातला. पत्र प्राचार्यांमार्फत जायला हवं होतं, म्हणून सोमवारी ते त्यांच्या खोलीत गेले. प्राचार्य फोनवर होते. त्यांनी पहिलं पानही न उलटता तळाशी ‘शिफारशीसह रवाना’ असं लिहून सही ठोकली आणि फोनवर हात ठेवून म्हणाले, “जर्मन येत नाहीत हो. बंगलोरला गेले. त्या वीस काचांची आता घाई नाही.”

पुढे दीड महिना गेला. सीतारामरावांनी राजीनाम्याचा मसुदा करून ठेवला. बाळकृष्णरावांनी मधल्या काळात पंपाच्या खोलीला बाजारातला निळा रंग स्वतःच फासून घेतला होता आणि वीज का येत नाही म्हणून दर आठवड्याला विचारायला येत होते. सीतारामराव त्यांना ‘अजून ओला आहे’ म्हणून सांगत. ते खोटं शेवटचं, असं त्यांनी बायकोला वचन दिलं होतं.

मग एका दुपारी पोस्टमननं लांबट सरकारी पाकीट दिलं. सीतारामरावांना ते उघडवेना, म्हणून शांभवीबाईंनीच फाडलं. आतला कागद सीतारामरावांनी वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला.

“काय म्हणतात?” शांभवीबाईंनी विचारलं. “पोलीस येणार काय?”

सीतारामरावांनी पत्र एकेक शब्द मराठीत लावत वाचून दाखवलं.

“‘महोदय, प्राचार्यांच्या शिफारशीसह आलेला आपल्या योजनेचा दोन पानी पहिला प्रगती-अहवाल कार्यालयास मिळाला. समितीने तो काळजीपूर्वक पाहिला. प्रगती समाधानकारक आहे. दुसऱ्या वर्षाचे अनुदान मंजूर करण्यात येत आहे. यापुढील अहवालही याच नमुन्यात, प्राचार्यांच्या सहीने पाठवावेत.’”

शांभवीबाईंनी कागद हातात घेऊन उलटसुलट पाहिला. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं, पण शिक्का गोल होता, शाई निळी होती आणि सही डॉ. रघुपतींची होती.

“म्हणजे,” त्या म्हणाल्या, “आपण तेवढें खरें लिहिलों, आणि तें कोणीं वाचलेंच नाहीं?”

“वाचलें असेल,” सीतारामराव म्हणाले. “विश्वास बसला नसेल.”